वाचकांचे प्रश्न : स्लॅकलाइनची पट्टी बाद कधी करायची?

दोन अंकांपूर्वी मी या पानावर स्लॅकलाइनबद्दल, म्हणजे दोन झाडांमध्ये ताणलेल्या पट्टीवरून चालण्याच्या खेळाबद्दल, जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत फिरून फिरून एकच प्रश्न आहे, आणि विचारणारे बहुतेक जण स्वतः खेळणारे नाहीत, खेळणाऱ्यांचे आईवडील आहेत. तेव्हा आजचं पान त्यालाच.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी तिच्यासाठी १५ मीटरचा, ५० मिलिमीटर रुंद पट्टीचा, रॅचेटवाला (दांडा मारून पट्टी आवळायचं लोखंडी यंत्र असलेला) संच घेतला. सोसायटीच्या मागे दोन आंब्यांना बांधलेला असतो. आता पट्टीवर सगळीकडे लव आली आहे. रंग भडक नारिंगी होता, तो फिकट पिवळट झालाय. रॅचेटजवळ एका बाजूची किनार उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. आमचे मेहुणे म्हणतात, "दोन टनांची पट्टी आहे, पोरगी ४५ किलोची, काय होतंय?" बदलावी का?
— एक वडील, नाशिक

बदला. पण लव आली म्हणून नव्हे. लव, रंग, किनार या क्रमाने तुम्ही लिहिलंत; मी हेच उलट क्रमाने लिहिलं असतं.

माझं लहानपण इचलकरंजीत गेलं. घराच्या मागच्या खोलीत चार यंत्रमाग. त्यांचा खडखडाट थांबला की मला जाग यायची. वडील कापड हातात घेतलं की मधल्या भागाकडे बघायचेच नाहीत. अंगठा आणि तर्जनीत किनार धरायची आणि सर्रकन पुढे न्यायची. "मधलं काय, सगळ्यांनाच दिसतंय. किनार बघ की!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आज पुण्यात एका गिर्यारोहण संस्थेची सामानाची खोली सांभाळताना दोर असो, टेप असो, स्लॅकलाइन असो, माझं बोट आपोआप काठावर जातं.

पट्टीच्या लांबीभर जाणारे उभे धागे, म्हणजे ताणा, सगळा भार पेलतात. आडवा बाणा त्यांना नुसता एकत्र धरून ठेवतो. मुलगी वर उभी राहते तेव्हा तिचं पाऊल सारखं डावी-उजवीकडे कलतं, पट्टी तिरकी होते आणि खेच एका किनारीवर जास्त येते. तिथले चार धागे आधीच कापलेले असले की त्यांचा वाटा शेजारच्यांवर पडतो, ते गेले की त्यांच्या शेजारच्यांवर. दुकानदार कापडाच्या काठाला कात्रीची एवढीशी खाच देतो आणि मग हाताने टर्रकन फाडतो, ते आठवा.

रॅचेटजवळच का कुरतडली? गुंडाळताना पट्टी मधोमध बसली नाही की एका बाजूला सरकते, किनार रॅचेटच्या लोखंडी गालावर चढते आणि दांड्याच्या प्रत्येक हिसक्याला घासते. पहिले दोन फेरे हाताने सरळ करून मगच दांडा मारायचा, हे मुलीला शिकवा. तुमच्या संचात लांब पट्टीचं मोकळं टोक रॅचेटच्या फटीतून ओवलं जात असेल, तर कुरतडलेला भाग कापून टाकायचा, टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करायचं. १५ मीटरची १४ होईल. नुसतं एवढंच असतं तर मी तुम्हाला नवीन पट्टीच्या खर्चात पाडलं नसतं.

पण तुमचा रंग गेलाय. आणि तुम्ही लिहिलंय 'बांधलेला असतो'. लावतो-काढतो असं नाही लिहिलं.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तो शब्द मला लगेच टोचला. आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्या मैदानावर गुलमोहर आणि कडुनिंब यांच्यामध्ये २५ मिलिमीटरची लालभडक नायलॉनची पट्टी होती. मार्चमध्ये लावली. रोज कोण काढणार, म्हणून रात्री नुसता ताण सैल करायचो. पाऊस यायच्या आत उतरवू म्हणता म्हणता जून उजाडला. एका संध्याकाळी एक मुलगा तिच्यावर नुसता बसला. उडी नाही, काही नाही. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. मुलगा फूटभरावरून गवतावर आपटला आणि हसायला लागला. रॅचेट मात्र मागे उडून कडुनिंबावर बसला होता, सालीत बोटाचं पेर मावेल एवढी खाच पाडून. त्या खोडाला टेकून दोन मिनिटांपूर्वी मी पाणी पीत होते.

त्या रात्री तुटलेलं टोक घेऊन मी दिव्याखाली बसले. आभाळाकडची बाजू धुतलेल्या गुलालासारखी, जमिनीकडची थोडी बरी. आणि झाडाला गुंडाळलेल्या गोणपाटाखाली जो वीतभर तुकडा दडला होता तो पहिल्या दिवशीइतका लाल, कुंकवासारखा. वरची बाजू नखाने खरवडली तर नखात गुलाबी भुकटी आली. धागा दोन बोटांत पिळला की मोडत होता. दडलेल्या तुकड्यातला धागा पिळून पिळून माझीच बोटं दुखली, तो काही मोडला नाही. एकच पट्टी, एकच कारखाना, एकच वय.

उन्हातले अतिनील किरण नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. पॉलिएस्टर याबाबतीत बरंच सोशिक, पण तेही अमर नाही. पट्टी पातळ असल्यामुळे तिचा बराचसा भाग 'पृष्ठभाग'च असतो. जाड दोराला निदान आतला गाभा असतो, तो आवरणाखाली झाकलेला राहतो. आंतरराष्ट्रीय स्लॅकलाइन संघटनेने नायलॉनच्या पट्ट्यांबद्दल इशाराच दिलेला आहे, की डोळ्यांना धड दिसणारी पट्टी उन्हाने आतून कमकुवत झालेली असू शकते.

आमच्या आजीकडे नवारीची खाट होती. सुती नवार मरायच्या आधी सहा महिने कुरकुरते. सैल पडते, मधे खड्डा होतो, मग एक पट्टा तुटतो, त्याला गाठ मारून दिवाळीपर्यंत ढकलता येतं. आपल्या सगळ्यांच्या मनात 'जुनी पट्टी' म्हणजे ती नवार असते. उन्हाने गेलेलं नायलॉन असं काही कळवत नाही, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायची पद्धत वेगळी.

मी काय करते ते सांगते. एक, पट्टीचा जो भाग कायम झाकलेला राहिला (रॅचेटमधले आतले फेरे, शिवलेल्या फासाची आतली बाजू), तो उलगडून मधल्या भागाशेजारी धरायचा. रंगात उघड फरक दिसला की ती पट्टी माझ्याकडे संशयित. रंग किती उडाला यावरून ताकद किती गेली हे मोजता येत नाही, काही रंग मुळातच कच्चे असतात. पण ऊन किती खाल्लं त्याचा पुरावा तेवढाच असतो. पांढऱ्या पट्टीत तर तोही नाही, म्हणून पांढरी मी घेतच नाही. दोन, जुना नायलॉनचा पायमोजा हातात चढवायचा आणि डोळे मिटून पूर्ण लांबी त्यातून ओढायची, आधी मधून, मग दोन्ही किनारींवरून. मोजा जिथे अडकेल तिथे थांबून बघायचं. डोळ्यांना जे पाच फेऱ्यांत दिसत नाही ते मोजा एका फेरीत दाखवतो. तीन, पट्टी बोटांवर उलटी वाकवायची. एखादा भाग पुठ्ठ्यासारखा कडक लागला, किंवा काचेसारखी चकाकी दिसली, तर तिथे घर्षणाने धागे वितळले आहेत. तो भाग गेला समजा.

आता लव. पायांनी, बुटांच्या तळव्यांनी, मातीच्या कणांनी वरचे काही तंतू तुटून उभे राहतात. हजारो तंतूंतले थोडे. सगळीकडे सारखी, मऊ, लोकरीच्या मफलरसारखी लव असेल तर तिची फार चिंता करू नका. त्यानंतरही पट्टी बरीच चालते. एकाच जागी झुबका असेल तर तिथे काहीतरी घासतंय, ते शोधा. तुमच्या पत्रातला सगळ्यात ठळक शब्द 'लव' होता आणि सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट तीच निघाली. असं माझ्याकडे दर महिन्याला होतं.

मेहुण्यांसाठी थोडं गणित. पट्टीवर मुलीच्या वजनाएवढाच ताण येत नाही. मधोमध उभी असताना वजन गुणिले लांबी, भागिले झोळाच्या चौपट, असा साधारण हिशेब बसतो. ४५ किलो, १५ मीटर, झोळ ४० सेंटिमीटर : ताण सुमारे ४२० किलो. रॅचेट आणखी आवळून झोळ २० सेंटिमीटरवर आणलात तर साडेआठशेच्या जवळ. उडी मारून परत आदळली की त्याहून वर. आणि ते दोन टन नव्याकोऱ्या पट्टीचे आहेत, प्रयोगशाळेत सरळ खेचून मोजलेले. चार उन्हाळे खाल्लेल्या, काठ कापलेल्या, लोखंडात दुमडलेल्या पट्टीचे नव्हेत. मुली कमी आवळलेल्या लाइनवर शिकल्या तर उलट चांगलं शिकतात, हा माझा अनुभव, पण तो विषय वेगळा.

नवीन पट्टी आली की रॅचेटच्या चौकटीतून दोराचा एक तुकडा ओवून झाडाला सैल बांधून ठेवा. पट्टी तुटली तर मुलगी गवतावर पडेल, फारतर खरचटेल. खरी भीती किलो-दीड किलोच्या लोखंडाची असते, आणि ते नुसत्या बघत बसलेल्यालाही लागू शकतं.

आणि एक वही करा. विकत घेतल्याची तारीख, आणि पट्टी किती दिवस उन्हात राहिली. मी स्वतः काय धरते? अखंड उन्हाळा उघड्यावर राहिलेली नायलॉनची पट्टी, दिसायला कशीही असो, बाद. संध्याकाळी लावून रात्री उतरवलेली पॉलिएस्टरची चार-पाच वर्षं, दर महिन्याला मोजा फिरवून. हा माझ्या हाताचा अंदाज आहे, संचाबरोबर आलेल्या पत्रकात याहून कडक काही लिहिलं असेल तर ते पाळा. गिर्यारोहणाच्या कापडी सामानाला बरेच उत्पादक न वापरताही १० वर्षांची कमाल मर्यादा घालतात. माळ्यावर सापडलेल्या जुन्या पट्टीला मीही तीच लावते.

प्रश्न : आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये माल बांधायचे रॅचेट-बेल्ट पडलेले आहेत. दिसायला अगदी स्लॅकलाइनसारखेच. मुलांना त्यावर चालू द्यावं का?
— एक वाचक, वाशी

ट्रकवरून उतरलेले नाहीच नाही. त्यांनी काय काय प्यायलंय तुम्हाला माहीत नाही. नायलॉनला आम्लाचं वावडं, बॅटरीचे चार थेंब पुरतात. पॉलिएस्टरला तीव्र अल्कलीचं, म्हणजे ओलं सिमेंट, चुना. तुमच्या गाड्या या दोन्हींची ने-आण करत असणार.

दिसायला सारखे आहेत कारण जात एकच. ५० मिलिमीटरचे स्लॅकलाइन संच याच रॅचेटवर बेतलेले आहेत. न वापरलेला बेल्ट असेल तर त्याचं शिवलेलं लेबल बघा. युरोपीय मानकाप्रमाणे लेबल निळं असेल तर पॉलिएस्टर, हिरवं असेल तर नायलॉन, तपकिरी असेल तर पॉलिप्रॉपिलीन. पट्ट्याचा रंग बघू नका, लेबलचा बघा. लेबलच नसेल तर बोटभर तुकडा कापा, साबणाच्या पाण्यात पूर्ण भिजवून दाबून हवा काढा आणि बादलीत सोडा. तरंगला तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन. उन्हात ते नायलॉनपेक्षाही लवकर जातं, त्याला हात लावू नका. बुडाला तर चिमट्यात धरून, उघड्यावर, जाळून बघा : पॉलिएस्टरचा धूर काळा आणि काजळीचा, नायलॉनला धूर कमी. आमच्याकडे सूत ओळखायला पोरंसोरंही हे करायची.

मालाच्या पट्ट्यांना एक नियम लावतात, की किनारीवरचा काप रुंदीच्या १० टक्क्यांहून मोठा झाला की पट्टा बाद. ५० मिलिमीटरला ५ मिलिमीटर. फ्रिज बांधायला ठीक आहे. मुलाच्या पायाखाली मी ५ मिलिमीटरचा काप चालवून घेणार नाही, २ चासुद्धा नाही. या सगळ्यातून पार पडलेला नवा पॉलिएस्टरचा बेल्ट, गुडघ्याच्या खाली, गवतावर, रॅचेट दोराने झाडाला बांधून वापरलात तर मी भांडायला येणार नाही. पण त्याच पैशांत थोडी भर घालून माणसांसाठी बनवलेला संच येतो, तो घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात पट्टीला काळे ठिपके पडले आणि कुबट वास येतो. बुरशीने पट्टी कुजते का?
— एक वाचक, चिपळूण

सुती असती तर कुजली असती. नायलॉन-पॉलिएस्टरला बुरशी खात नाही, तिच्यावर बसलेल्या मातीला आणि घामाला खाते. कोमट पाण्यात, साध्या सौम्य साबणाने धुवा, ब्लीच नको, आणि सावलीत वाळवा. लोक धुतात चांगलं आणि वाळत घालतात गच्चीवर! ओलं नायलॉन थोडं कमजोर होतं, वाळलं की पूर्ववत. रॅचेट मात्र पुसून तेलाचा हात फिरवून ठेवा; गंजलेला दात पट्टीला करवतीसारखा लागतो.

आणि चिपळूणच्या घरांत इन्व्हर्टर असणारच. त्याच्या बॅटरीवरच्या फळीवर पट्टी ठेवू नका. बाथरूम धुवायच्या ॲसिडच्या बाटलीशेजारीही नको. मी अशी एक पिशवी उघडली होती, वरून पट्टी ठणठणीत आणि एका घडीवर नाण्याएवढा बदामी डाग. डागावर अंगठा दाबला तर आरपार गेला.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र लोणावळ्याकडे हायलाइन, म्हणजे खूप उंचावर ताणलेली स्लॅकलाइन, लावायचं ठरवतोय. ओळखीतून ६० मीटर वापरलेली नायलॉन पट्टी निम्म्या किमतीत मिळतेय. फोटो चांगले आहेत. घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

नाही. फोटोला मोजा घालता येत नाही.

रागावू नका, पण तुमच्या पत्रात पट्टीची किंमत आहे, लांबी आहे, आणि ती किती दिवस कुठल्या डोंगरावर ताणलेली होती याबद्दल एक शब्द नाही. विकणाऱ्याकडे वही असेल तर वही मागा. नसेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. हायलाइनला मूळ पट्टीखाली दुसरी राखीव लाइन असते आणि चालणाऱ्याची सुरक्षादोरी दोन्हींवरून सरकणाऱ्या कड्यांना बांधलेली असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण राखीव लाइनही त्याच उन्हात, तितकेच दिवस टांगलेली असते. मूळ पट्टी उन्हाने गेली असेल तर खालची काय सावलीत बसली होती? दोन्ही एकाच पिशवीतून, एकाच माणसाकडून निम्म्या किमतीत घेतल्या तर तुमच्याकडे दोन लाइन नाहीत, एकच संशय दोनदा विकत घेतलाय. १९८५ साली अमेरिकेतल्या योसेमिटीत लॉस्ट ॲरो स्पायर या सुळक्यावर स्कॉट बाल्कम नायलॉनच्या पट्टीवरून पलीकडे गेला, ते वाचून सगळ्यांना सुरसुरी येते, मलाही आली होती. पण आधी कुणातरी अनुभवी गटाबरोबर दोन वेळा नुसते हमाल म्हणून जा. पट्टी उतरवताना, घड्या घालताना हातात घेऊन बघा.

प्रश्न : बाद केलेल्या पट्टीचं काय करायचं? टाकवत नाही.
— एक आई, डोंबिवली

टाकू नका, पण आधी कापा. हात-हातभर लांबीचे तुकडे, आजच, ही पत्रिका बाजूला ठेवून. आमच्या खोलीतून बाद केलेली एक अख्खी पट्टी मी 'झोपाळ्याला होईल' म्हणून कोपऱ्यात ठेवली होती. पुढच्या शिबिरात ती झाडाला ताणलेली सापडली. मुलांचा दोष नव्हता, तिच्यावर 'बाद' असं कुठे लिहिलं होतं? तेव्हापासून कात्री पहिली. तुकड्यांची टोकं मेणबत्तीवर धरा. गोणीला कान, शबनमला पट्टा, माठ उचलायला कडं. आमच्या त्या लाल पट्टीचा गोणपाटाखालचा वीतभर तुकडा मी ठेवलाय, कपाटाच्या दाराला आतून खिळ्यावर. शेजारी दुसऱ्या खिळ्यावर गुलाबी तुकडा. नवीन मुलं आली की दोन्ही त्यांच्या हातात देते आणि विचारते, यातला जुना कुठला?